‘पेटंट’, ‘रीत’ आणि ‘कळ’: गेमच्या भांडणाला मराठी शब्द कोणते?

नमस्कार मंडळी. भुसावळहून लिहितेय. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात यंदा माझ्या भाच्याचा लेख आहे. व्हिडिओ गेमच्या कंपन्या खेळातल्या युक्त्यांवरून एकमेकींना कोर्टात कशा खेचतात, हा विषय. पोराने जीव ओतून लिहिलंय. मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली आणि पहिल्याच वाक्यात मी अडले: ‘निन्टेंडोने पालवर्ल्डवर गेमप्ले मेकॅनिकच्या कॉपीराइट पेटंटचा दावा केला.’ निन्टेंडो ही जपानी गेम कंपनी, पालवर्ल्ड हा दुसऱ्या कंपनीचा गेम. या वाक्यातला एकेक शब्द मला सोडवून घ्यायचाय.

आधी ‘पेटंट’. हा शब्द आपण रोज वापरतो, पण कायद्यातल्या अर्थाने क्वचितच. ‘हे आबांचं पेटंट वाक्य’ म्हणजे ठरलेलं, त्यांच्या नावावर जमा झालेलं. ‘पेटंट उत्तर’ म्हणजे पाठ केलेलं. आणि २०१६ मध्ये जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्या बाजारात वांगी विकणारी बाई सांगते, ‘घ्या ताई, पेटंट भेटलेलं वांगं आहे.’ तिचा अभिमान खरा आहे, शब्द तेवढा चुकतो. मानांकन नावाला असतं. त्या भागात पिकलेल्या वांग्यालाच ते नाव लावायचं, इतकंच ते सांगतं. दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून ते पुढे चालवता येतं. काड्यांवर वांगी भाजून, लसूण-मिरची घालून ती कुटण्याच्या रीतीवर त्याने कोणाचाच हक्क बसत नाही. पेटंट वेगळं. ते शोधावर असतं, अर्ज केल्यापासून वीस वर्षांपुरतं असतं आणि नंतर तो शोध सगळ्यांचा होतो.

‘कॉपीराइट’ला आपल्याकडे ‘प्रताधिकार’ आहे. तो चित्रं, संगीत, संवाद, कोड यांच्यावर. पालवर्ल्ड जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा त्यातले प्राणी पोकेमॉनसारखे दिसतात म्हणून गवगवा झाला. त्यामुळे खटला प्राण्यांच्या दिसण्यावरून असेल, असं भाच्यासह सगळ्यांनी धरलं. पण सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोच्या जिल्हा न्यायालयात जो खटला भरला, तो पेटंटचा आहे. दिसण्यावरून नाही, खेळात काय केलं की काय होतं, त्यावरून. म्हणून ‘कॉपीराइट’ हा शब्द मी लाल शाईने काढून टाकला.

राहिला ‘मेकॅनिक’. आमच्याकडे मेकॅनिक म्हटलं की बोअरची मोटर काढायला येणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘खेळयंत्रणा’ लिहिलं तर महसूल यंत्रणेसारखं वाटतं. २०२५ च्या आखाजीला भाचा आला होता तेव्हा मी त्याला म्हटलं, मला नुसतं सांगू नको, दाखव. त्याने आधी जुनं रेकॉर्डिंग लावलं. खेळाडूने नेम धरला, हातातला गोळा फेकला, तो झाडापलीकडे जाऊन पडला आणि तिथेच त्याचा प्राणी उभा राहिला. मग चालू खेळ दाखवला. आता फेकणं नाही. बटण दाबलं की प्राणी शेजारीच येऊन उभा राहतो. ‘मावशी, नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये हे बदललं. खटल्यामुळे.’ मग त्याने एका उडत्या प्राण्याला धरून डोंगरावरून अलगद खाली तरंगून दाखवलं. पुढे मे २०२५ मध्ये तेही गेलं. आता तरंगायला वेगळं ग्लायडर जवळ बाळगावं लागतं, प्राणी फक्त त्याला जोर देतो.

ते फेकणं मी बघितलंय, म्हणून त्याला काय म्हणायचं याची मला तळमळ आहे. ती कल्पना नाही आणि चित्रही नाही. अमुक केलं की तमुक होतं, अशी ती एक ‘रीत’ आहे. माझा कल ‘खेळरीत’ या शब्दाकडे आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि पेटंटला सरकारी ‘एकस्व’ लिहावं का?

प्रतिसाद, धुळ्याहून

ताई, माझं औषधाचं दुकान आहे, तेव्हा ‘पेटंट’वर थोडं बोलतो. आमच्या धंद्यात हा शब्द जुना. वडिलांच्या वेळी डॉक्टर चिठ्ठी देत आणि कंपाउंडर बाटलीत मिक्श्चर करून देई. त्याच्याविरुद्ध कंपनीकडून तयार, सीलबंद आलेलं ते ‘पेटंट औषध’. आजही कित्येक आयुर्वेदिक बाटल्यांवर ‘पेटंट अँड प्रोप्रायटरी’ छापलेलं असतं. औषधांच्या कायद्यातच तो शब्द आहे. त्या औषधाला पेटंट कार्यालयाचं पेटंट असतंच असं अजिबात नाही. म्हणजे ‘खास, नावाचं’ हा अर्थ मराठी माणसाने गमतीने जोडलेला नाही, तो दुकानाच्या फळीवरून घरात आलाय. माझ्या मते तो अर्थ चूक ठरवू नये. खटल्याबद्दल लिहिताना तेवढं जपावं.

‘एकस्व’ मला पटत नाही. ‘एक’ आणि ‘स्व’, म्हणजे एकट्याचं. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उघडं असणं’ असा आहे. राजाने मोहोर लावून सर्वांना वाचता येईल असं दिलेलं उघडं पत्र, ते पेटंट. शोध लोकांपुढे उघडा करायचा आणि त्या बदल्यात काही वर्षं हक्क घ्यायचा, हा त्यातला सौदा. ‘एकस्व’मध्ये हक्क आला, उघडेपणा गेला.

प्रतिसाद, नंदुरबारहून

आपल्याकडे यासाठी ‘सनद’ होता की. राजाने दिलेली, शिक्क्याची, चारचौघांत दाखवायची. पण आता सनद म्हटलं की वकिलीचीच आठवते, म्हणून ‘पेटंट’च ठेवा.

दुसऱ्या शब्दाबाबत मात्र ‘डाव’चा विचार करा ताई. आम्ही लहानपणी गोट्या खेळताना भांडायचो तेच ‘मन्हा डाव शे’ म्हणून. पाळी म्हणजे डाव, पत्त्यांची एक फेरी म्हणजे डाव, कुस्तीतली पकडही डावच. धोबीपछाड सगळ्या तालमींत शिकवतात, त्यावर कोणा वस्तादाने हक्क सांगितला नाही. गेमच्या मेकॅनिकला याहून जवळचा शब्द मला सुचत नाही.

प्रतिसाद, चोपड्याचा, सध्या पुण्यात

मी मोबाइल गेम बनवणाऱ्या एका छोट्या गटात कोड लिहितो. ‘डाव’ ऐकायला गोड आहे, पण त्यात पाळी, फेरी, पकड आणि कारस्थान असे चार अर्थ आधीच बसलेत. खटल्याच्या लेखात ‘निन्टेंडोचा डाव’ असं छापलं तर वाचक भलतंच समजेल.

‘रीत’ मला आवडली. पण ताई, एकट्या ‘रीत’ने भागणार नाही, तिच्या जोडीला ‘कळ’ हवी. कुलपाची कळ, कळसूत्री बाहुलीतली कळ. बाहेरून दिसते ती रीत, आतून फिरते ती कळ. पेटंटच्या सगळ्या भांडणात प्रश्न हाच असतो की तुम्ही हक्क मागताय तो रीतीवर की कळीवर.

एक उदाहरण देतो. पूर्वी सीडीवरून गेम चढायला वेळ लागायचा. नामको कंपनीने प्लेस्टेशनवरच्या ‘रिज रेसर’मध्ये तेवढ्या वेळात ‘गॅलेक्सियन’ हा छोटा खेळ खेळायला दिला. ‘वाट बघताना काहीतरी खेळा’ ही झाली रीत, ती कोणालाही सुचेल. पण छोट्या खेळाचा कोड आधी चढवायचा, तो चालू ठेवायचा आणि त्याच्या मागे मोठा गेम भरत राहायचा, ही कळ. तिचं अमेरिकी पेटंट १९९८ मध्ये मिळालं आणि २०१५ मध्ये त्याची मुदत संपली. तोवर वाट बघायचा तो काळच बराच ओसरला होता. माझ्या पिढीने कितीतरी तास कोऱ्या पडद्याकडे बघत काढले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आपला १९७० चा पेटंट कायदा तर सरळ सांगतो. कलम ३ (एम) प्रमाणे खेळ खेळण्याची पद्धत हा शोधच धरत नाहीत. तुमची ‘रीत’ ती हीच. कलम ३ (के) प्रमाणे नुसता संगणक प्रोग्रॅम म्हणूनही पेटंट मिळत नाही. त्यापलीकडे काही तांत्रिक करामत असेल, म्हणजे कळ असेल, तरच पुढचं बोलणं. जपान-अमेरिकेत ही सीमा वेगळ्या जागी पडते. तिथले अर्ज ‘संगणकाला अमुक करायला लावणारा प्रोग्रॅम’ अशा भाषेत लिहितात आणि रीत कळीचे कपडे घालून आत जाते. सेगा कंपनीने ‘क्रेझी टॅक्सी’ या गेममधल्या दिशा दाखवणाऱ्या बाणावर पेटंट घेतलं होतं. २००३ मध्ये ‘सिम्पसन्स रोड रेज’वाल्यांवर त्यावरून खटलाही भरला, तो कोर्टाबाहेर मिटला. डोक्यावर तरंगणारा बाण ही रीत की कळ? मी रीत म्हणेन.

प्रतिसाद, अमळनेरहून

मी दिवाणी वकिली करतो. ताईंच्या वाक्यातल्या ‘दावा’ शब्दाकडे कोणी बघितलं नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे दावा म्हणजे कोर्टात लावलेला. पण पेटंटच्या कागदातही शेवटी क्रमांक घालून कलमं असतात, ‘आमचा हक्क एवढ्यावर’ हे सांगणारी. त्यांनाही मराठीत ‘दावा’च म्हणतात. मग ‘दाव्यात तीन पेटंटांचे दावे’ असं वाक्य होतं. कागदातल्याला ‘हक्ककलम’ म्हणा, कोर्टातल्याला ‘खटला’. सगळा जीव त्या हक्ककलमात असतो. त्यात पाच गोष्टी लिहिल्या असतील आणि समोरच्याने चारच केल्या, तर साधारणपणे उल्लंघन होत नाही. पालवर्ल्डवाल्यांनी फेकणं काढून टाकलं ते याच हिशेबाने असावं.

लेखात अजून एक जागा आहे, ती मुलाने गाळू नये. वादातली तीन पेटंटं नोंदली गेली २०२४ मध्ये, म्हणजे पालवर्ल्ड आल्यावर. मग हे अन्यायाचं वाटतं. पण ते मूळ अर्जातून फोडलेले अर्ज आहेत आणि त्यांची तारीख डिसेंबर २०२१ पासून धरली जाते. मी याला ‘पोटहिस्सा’ म्हणेन. सातबाऱ्यावर पोटहिस्सा आज पडला तरी गट जुनाच असतो. खानदेशातल्या वाचकाला हे एका शब्दात कळेल. हे योग्य आहे का, हा निराळा प्रश्न. बाजारात आलेला माल बघून कुंपणाची रेघ आखायला मिळते, हे मला स्वतःला बरं वाटत नाही.

आणि ‘प्रायर आर्ट’साठी, म्हणजे अर्जाच्या आधीपासूनच लोकांना माहीत असलेल्या गोष्टींसाठी, काही जण ‘वहिवाट’ सुचवतील. नको. बांधावरून वर्षानुवर्षं गेलं की जाण्याचा हक्क मिळतो, ती वहिवाट. इथे जुन्या वापरामुळे कोणाला हक्क मिळत नाही, उलट नव्याचा हक्क पडतो. ‘पूर्वज्ञान’ नेमकं आहे. हळदीच्या वेळी हेच झालं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. गेममध्येही तोच रस्ता आहे. सोबतचं पात्र बोलावून त्याला लढायला लावण्याचं एक अमेरिकी पेटंट निन्टेंडोला सप्टेंबर २०२५ मध्ये मिळालं आणि दोनच महिन्यांत तिथल्या पेटंट कार्यालयाच्या संचालकांनी त्याची फेरतपासणी लावली.

मूळ धाग्याकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाच्याला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. ‘कळ’ ऐकल्यावर तो थोडा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, ‘मावशी, मला नेमेसिसबद्दल हेच सांगायचं होतं, पण शब्द नव्हता.’ नेमेसिस म्हणजे ‘शॅडो ऑफ मॉर्डर’ या २०१४ च्या गेममधली शत्रूंची व्यवस्था. त्यात तुम्हाला मारणारा शिपाई बढती मिळवतो, पुढच्या वेळी तुम्हाला ओळखतो, जुन्या जखमेची आठवण काढतो. वॉर्नर ब्रदर्सला त्याचं पेटंट २०२१ मध्ये मिळालं, ते २०३६ पर्यंत आहे. भाच्याने लिहिलं होतं, ‘आता कोणालाही सूड घेणारा शत्रू दाखवता येणार नाही.’ ते आम्ही बदललं. सूड धरणारा शत्रू ही रीत आहे, ती मोकळीच आहे. शत्रूंची उतरंड, बढती आणि आठवण एकत्र ज्या पद्धतीने गुंफली, तिच्यावर हक्ककलम आहे. तरीही लहान कंपन्या भीतीने त्या वाटेला जात नाहीत, हे भाच्याचं दुःख आम्ही लेखात तसंच ठेवलंय, कारण मलाही ते पटतं. ज्या गटाने तो खेळ घडवला तो मोनोलिथ स्टुडिओ फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला. घडवणारे हात पांगले, हक्क मात्र कपाटात आहे.

‘डाव’ मी कायद्याच्या परिच्छेदांत घेतला नाही. पण भाचा स्वतः खेळतो त्याचं वर्णन आहे तिथे घातलाय, तिथे तोच शोभतो. ‘पेटंट’ पेटंटच ठेवलं, ‘एकस्व’ एकदाच आणि अर्थ सांगून. ‘पोटहिस्सा’ आणि ‘पूर्वज्ञान’ दोन्ही घेतले. पहिलं वाक्य आता असं छापायला जातंय:

‘प्राणी बोलावण्याच्या आणि त्यावर स्वार होण्याच्या रीती आपल्या तीन पेटंटांत येतात, असं म्हणून निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनीने पालवर्ल्ड बनवणाऱ्या पॉकेटपेअरवर २०२४ मध्ये टोकियोत खटला भरला, हक्क रीतीवर मागितलाय की कळीवर, हा त्यातला वाद.’

वकीलसाहेब, ‘मागितलाय’ की ‘सांगितलाय’? हक्क मागतात की सांगतात, तेवढं कळवा. अंक शुक्रवारी छापखान्यात जातो.