११० सीसी एटीव्ही: थंड असताना चोकवर उठते, गरम झाली की सेल्फ नुसता फिरतो

वाळूचाक
११० सीसी चायनीज एटीव्ही (जाड टायरची चारचाकी बाईक) आहे. कार्बोरेटरवाली, फक्त सेल्फ, किक नाही. किनाऱ्यावर राईडला चालते. जूनपासून गणपतीपर्यंत शेडमध्ये उभी होती, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. आता सकाळी पूर्ण चोक ओढून आठ-दहा वेळा सेल्फ मारला की उठते. चोक सोडला की बंद, एक्सलेटर धरून ठेवावा लागतो. वीसेक मिनिटं पळाली की ओढ चांगली. पण बंद करून लगेच परत सेल्फ मारला तर नुसता फिरत राहतो. अर्धा तास थंड होऊ दिली की उठते. प्लग नवा टाकला (एनजीके सी७एचएसए), फिल्टर धुतला, पेट्रोल बदललं. गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंग गेल्या, इंजिन खोलायचं. पण सायलेन्सरला धूर अजिबात नाही. काय समजायचं?

पायलटजेट
चोक सोडल्यावर बंद पडते ना, मग कार्बोरेटर खोला. टाकीतलं पेट्रोल बदललंत, पण कार्बोरेटरच्या तळाशी फ्लोटची वाटी असते, तिच्यात तीन-चार महिने राहिलेलं तसंच वाळलं असणार. त्याचा डिंक सगळ्यात आधी पायलट जेटमध्ये (आयडलला पेट्रोल देणारी बारीक पितळी नळी) बसतो, कारण भोक जेमतेम ०.३५ मिमीचं. त्यात आताचं ई२० पेट्रोल पाणी ओढतं, आणि किनाऱ्याच्या दमट हवेला तर तोटाच नाही.

आधी वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब लोळताना दिसले तर ते पाणी, मग टाकी पूर्ण रिकामी करायची.

वाटी काढल्यावर मधला मोठा तो मेन जेट. पायलट त्याच्या शेजारी खोल भोकात असतो. बारीक, नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, पितळेची खाच फार पटकन चेचते. जेट उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर जेट अजून भरलेलाच आहे. वायरमधली तांब्याची एक तार घाला. सुई किंवा स्टीलची तार नको, भोक मोठं झालं की जेट फेकायचाच. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारण्याआधी रबरी ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर फुगतात आणि परत खाचेत बसत नाहीत. मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. मोजायचं राहिलं तर दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा आणि गरम इंजिनवर आयडल सगळ्यात चढेल तिथे थांबा.

शून्यपाच
जेटचं बरोबर आहे, पण गरम झाल्यावर न उठणं त्यात बसत नाही. ही दोन वेगळी दुखणी दिसतात. पायलट चोंदलेली गाडी थंड असताना जास्त त्रास देते, गरम असताना त्यामानाने उठते. इथे उलट आहे.

इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा. गरम इंजिन, प्लग काढलेला, प्लगची कॅप अर्थला टेकवलेली, एक्सलेटर पूर्ण पिळलेला. सेल्फ पाच-सहा सेकंद, काटा चढायचा थांबेपर्यंत. मग प्लगच्या भोकातून चमचाभर (५ मिली) इंजिन ऑईल घालून परत मोजा. ऑईलने आकडा चांगला वाढला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह.

गेज घेताना एक बघा: त्याचा (हवा परत न सोडणारा) वाल्व्ह प्लगकडच्या टोकाला हवा. ११० सीसीला ९:१ कॉम्प्रेशन धरलं तर वरची जागा जेमतेम १४ सीसी. वाल्व्ह घड्याळाजवळ असेल तर नळीतली हवाही त्यात धरली जाते आणि चांगलं इंजिन मेलेलं दिसतं. कारसाठीचे गेज इथे हमखास फसवतात.

मीटरवाला
बॅटरीही सोडू नका. या गाड्यांत बहुतेक एसी सीडीआय (ठिणगी पाडणारा डबा) असतो, म्हणजे ठिणगीची वीज मॅग्नेटमधल्या कॉइलवरून येते, बॅटरीवरून नाही. सेल्फ हळू फिरला की ठिणगीही अशक्त. मीटर लावून सेल्फ मारा. बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. खाऱ्या हवेत तो बोल्ट वरून चकचकीत आणि खालून हिरवा असतो.

वाळूचाक
पायलट जेट पूर्ण बंद होता, उजेडच दिसत नव्हता. साफ केला. आता चोक अर्ध्या मिनिटात सोडता येतो.

बॅटरी उभी १२.५, सेल्फवर १०.१. अर्थिंगला ०.७ येत होते, बोल्ट घासून ०.१ वर आलं. सेल्फ जोरात फिरतो. पण गरम झाल्यावर अजून तेच.

कॉम्प्रेशन गरम असताना ८० पीएसआय. ऑईल घालून ८५. वाल्व्ह टोकाला असलेलाच गेज आणला होता.

शून्यपाच
रिंग नाहीत. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप ठरवणारा स्क्रू) बघा, बहुतेक एक्झॉस्टचा. या इंजिनात चालता चालता टॅपेट सहसा सैल होत नाहीत, घट्ट होतात, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू खाली बसतो. म्हणून 'टॅपेट वाजत नाहीत, ठीक आहेत' हा समज चुकीचा. गरम झाल्यावर व्हॉल्व्हचा दांडा वाढतो, उरलेला गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह केसभर उघडाच राहतो. एकदा इंजिन पळायला लागलं की तेवढी गळती जाणवत नाही, सेल्फच्या संथ फेऱ्यांत मात्र दाब जमतच नाही.

इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं असलेलं हवं. प्लग काढा म्हणजे हाताने सहज फिरेल. हेडवर वरची टोपी इनटेकची, खालची एक्झॉस्टची. डाव्या कव्हरमधून मॅग्नेटचा नट पकडून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. इनटेकचा रॉकर खाली जाऊन परत वर येऊ द्या, त्यानंतर येणारी मॅग्नेटवरची 'टी'ची रेघ (पिस्टन सगळ्यात वर) खाचेसमोर आणून थांबा. 'टी' प्रत्येक फेऱ्याला येते, त्यामुळे इनटेक बघितल्याशिवाय थांबलात तर अर्ध्या वेळा चुकीच्या स्ट्रोकवर असाल. 'दोन्ही रॉकर हलले की बरोबर' हा नियम इथे चालत नाही. टॅपेट घट्ट असले तर बरोबर जागीही हलत नाहीत.

इनटेक ०.०५ मिमी, एक्झॉस्ट ०.०५ ते ०.०८. लॉक नट ८ किंवा ९ नंबरचा. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) जाताना किंचित ओढ लागली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तसा सरकला तर जास्त सैल आहे. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा. मग मॅग्नेट दोन पूर्ण फेरे फिरवून आणखी एकदा.

पायलटजेट
टोप्यांच्या ओ-रिंग बदला, दहा-वीस रुपयांचं काम. खालच्या टोपीतून थोडं ऑईल सांडेल, घाबरू नका. आणि डिपस्टिक हुंगून बघा. इतका वेळ चोकवर सेल्फ मारलाय, पेट्रोलचा वास आला तर ऑईलही बदलायचं.

वाळूचाक
एक्झॉस्टला ०.०२ ची पट्टीसुद्धा जात नव्हती. इनटेक ०.०४. दोन्ही ०.०५ केले. गरम कॉम्प्रेशन १४५. बंद करून लगेच सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात उठली. ऑईलला वास होता, बदललं. हे परत किती दिवसांनी बघायचं?

शून्यपाच
एक्झॉस्टचा गॅप शून्यावर गेला होता, म्हणून पहिल्यांदा दहा तास चालल्यावर बघा. ०.०५ टिकून असेल तर पुढे प्रत्येक ऑईल बदलताना. दहा तासांत परत शून्य झालं तर व्हॉल्व्हचा काठ जळलाय, मग हेड काढून लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) किंवा नवा व्हॉल्व्ह. तेव्हाही सिलिंडर-पिस्टनला हात लावायची गरज नाही. पुढच्या जूनमध्ये पेट्रोल कॉक बंद करून वाटीखालचा ड्रेन उघडा आणि मगच ताडपत्री टाका.