आई-वडिलांना प्रथमच केनियाला नेत आहे. निघण्यापूर्वी काय काय पाहावे?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त नैरोबीत राहतो आणि येत्या ऑगस्टमध्ये आई-वडिलांना घेऊन मी बारा दिवसांसाठी त्याच्याकडे जाणार आहे. आम्हा तिघांपैकी कोणीही याआधी देशाबाहेर गेलेले नाही. मुंबईहून थेट विमानाची तिकिटे काढली आहेत. मधले तीन दिवस मसाई मारा हे अभयारण्य आणि शेवटचे तीन दिवस समुद्रकाठचे मोंबासा असा बेत आहे. बाबा 68 वर्षांचे असून त्यांना इन्सुलिन घ्यावे लागते. आई 63 वर्षांची असून पूर्ण शाकाहारी आहे. भाऊ फोनवर 'काही काळजी करू नका' एवढेच म्हणतो आणि नेमक्या त्याच वाक्याने माझी काळजी वाढते.

औसा तालुक्यातील आमच्या गावी आफ्रिका म्हणजे उन्हाचा कहर अशी ठाम समजूत असल्यामुळे बाबांनी केवळ सुती सदरे काढून ठेवले आहेत, तर आईने शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि कडक भाकरी वेगवेगळ्या कॅरीबॅगांत बांधण्याची तयारी चालवली आहे. परवाना, लसी, पैसे, कपडे आणि खाणे यांपैकी कोणती गोष्ट आताच केली नाही तर पुढे अडचण होईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बालाघाट, अंबाजोगाई

ताई, मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून त्याच बाजूने लिहितो. सर्वांत आधी पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचे पाहा. लोकांचा असा समज असतो की ही लस केनियात उतरण्यासाठी लागते. भारतातून थेट जाणाऱ्याला ती तेथे सहसा मागत नाहीत, ती लागते परतताना. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेला देश असल्यामुळे तेथून भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे लसीकरणाचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि 2016 पासून ते आयुष्यभरासाठी वैध मानले जाते. लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवर आधी वेळ घेऊन जावे लागते. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून हे काम होणार नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. ही जिवंत विषाणूंची लस असून साठीच्या पुढच्या व्यक्तींमध्ये तिचे गंभीर दुष्परिणाम क्वचित, पण तरुणांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात. त्यामुळे आई आणि बाबा या दोघांनीही केंद्रावर जाण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून, चालू औषधे आणि अंड्याची ॲलर्जी असल्यास ती सांगून, निर्णय घ्यावा. वैद्यकीय कारणाने लस टाळावी लागली तर तसे सवलतीचे पत्र मिळते. मात्र ते हाती असले की विलगीकरण टळेलच, असे गृहीत धरून तिकिटे ठेवू नयेत.

हिवतापाचे स्वरूप जागेनुसार बदलते. नैरोबी उंचावर असल्यामुळे तेथे धोका कमी आहे. मोंबासा आणि एकूणच किनारपट्टीवर तो बराच आहे आणि मारामध्येही तो गृहीत धरावा. प्रतिबंधक गोळ्या जाण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात. कोणती गोळी घ्यायची हे बाबांची इतर औषधे पाहून ठरवावे लागेल. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते. सोबत इंग्रजीतील चिठ्ठी घ्या आणि तिच्यात औषधाचे मूळ नाव व सुयांचा उल्लेख करवून घ्या.

निवृत्त रेल्वेवाला, नांदेड

माझी कन्या नैरोबीत असते. तिच्याकडे मी तीन वेळा दोन-दोन महिने राहून आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जानेवारी 2024 पासून केनियाने पर्यटकांसाठी व्हिसा बंद करून इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना सुरू केला आहे. त्यासाठी सुमारे 30 डॉलर शुल्क पडते. अर्ज सरकारच्या मूळ संकेतस्थळावरच करावा, कारण त्याच्यासारखीच दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी दलालांची संकेतस्थळे शोधताना आधी समोर येतात. तिघांचे तीन स्वतंत्र अर्ज होतील. पारपत्राची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी आणि राहण्याचा पत्ता म्हणून भावाचे पत्र जोडावे.

आता तुमच्या आईंच्या कॅरीबॅगांविषयी. चटणी जरूर न्यावी, पण त्या पिशव्यांत नव्हे. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि कायद्यात कमाल 40 लाख शिलिंग दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. पर्यटकाला कोणी लगेच तुरुंगात टाकत नाही, परंतु विमानतळावर पिशव्या काढून ठेवायला लावतात. पहिल्या खेपेस आमच्या सौभाग्यवतींनी लाडू, चिवडा, मेतकूट आणि माझे धुतलेले मोजेसुद्धा निरनिराळ्या कॅरीबॅगांत बांधले होते. मुंबईच्या विमानतळावर एका बाकावर बसून आम्ही ते सारे सोडले; चिवडा स्टीलच्या डब्यात गेला, लाडू उशीच्या अभ्र्यात गेले आणि मेतकुटाचा वास पुढे दोन महिने माझ्या स्वेटरला येत राहिला. तेव्हा डबे आणि कापडी पिशव्या घरूनच घ्याव्यात. बियाणे, ताजी फळे आणि भाज्या मात्र अजिबात नेऊ नयेत. जून 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांमध्ये एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून प्रत्येकाची स्टीलची बाटली असावी.

पैशांच्या बाबतीत आपल्याकडून डॉलर न्यावेत आणि तेथे शिलिंग करून घ्यावेत. अलीकडे एका डॉलरला 129 शिलिंगांच्या आसपास भाव मिळतो. जुन्या छपाईच्या, विशेषतः 2013 पूर्वीच्या, मळलेल्या किंवा फाटक्या नोटा दुकानदार नाकारतात, म्हणून घेतानाच नोटेवरील साल पाहून घ्यावे. एकदा तेथे गेल्यावर खरा व्यवहार चालतो तो एम-पेसावर. सफारीकॉम कंपनीने 2007 मध्ये सुरू केलेल्या या सेवेवर भाजीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे मोबाइलवरूनच पैसे घेतात. पारपत्र दाखवून विमानतळावरच सिमकार्ड घेता येते आणि त्याच वेळी एम-पेसाही सुरू करून मागावे.

खाण्याची चिंता नैरोबीत करू नका. पार्कलँड्स आणि वेस्टलँड्स या भागांत गुजराती वस्ती मोठी असल्यामुळे शाकाहारी भोजनालये, डाळी, कणीक सारे मिळते. प्रश्न येतो तो वाटेवरच्या खाणावळीत. तेथे 'बिला न्यामा', म्हणजे मांसाशिवाय, असे सांगितले तरी कोंबडी आणि मासळी हे मांसात धरतातच असे नाही. म्हणून 'कुकू' आणि 'समाकी' यांनाही नावानिशी नकार द्यावा. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे उगाली, आणि सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी हा आईंना चालेल असा ताट-भर पर्याय आहे. या भाजीच्या नावाचा अर्थच 'आठवडा ढकला' असा आहे, कारण पगार संपत आल्यावर घर तिच्यावर चालते. चहा दुधात उकळलेला आणि चांगलाच गोड असतो. बाबांसाठी 'बिला सुकारी' हे दोन शब्द पाठ करून ठेवा. बाकी भाषेत तुम्हाला घरचीच माणसे भेटतील, कारण गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', विम्याला 'बिमा' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात.

मोंबासाला विमानाऐवजी रेल्वेने जावे, हा माझा रेल्वेवाल्याचा पक्षपात समजा. 2017 साली सुरू झालेली नवी गाडी पाच-सहा तासांत पोहोचवते आणि त्सावोच्या जंगलातून जाताना खिडकीतून हत्ती दिसू शकतात. याच मार्गावरच्या जुन्या लोहमार्गाची उभारणी 1896 ते 1901 या काळात झाली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांहून अधिक मजुरांच्या हातांनी. 1898 मध्ये त्सावोच्या दोन सिंहांनी त्यांच्यातील अनेकांना मारले. स्थानक शहराबाहेर आहे आणि सामान ओळीने ठेवून कुत्र्यांकडून हुंगवून घेतात, तेव्हा किमान तासभर आधी पोहोचावे.

अजिंठ्याची वाट, छत्रपती संभाजीनगर

वरील दोन्ही उत्तरांत सर्व महत्त्वाचे आलेच आहे. मी केवळ कपडे आणि मारा यांविषयी लिहिते. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही वर आहे. जुलै-ऑगस्ट हे तिथले थंडीचे महिने असून रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. आम्ही मराठवाड्याच्या उन्हाळ्याच्या हिशेबाने गेलो होतो आणि छत उघडलेल्या गाडीतून पहाटे सहाला निघाल्यावर माझ्या सासऱ्यांनी हॉटेलचा टॉवेल कानांना गुंडाळला. बाबांसाठी स्वेटर, कानटोपी आणि वारा अडवणारे जाकीट घ्याच. सुती सदरे मोंबासाच्या दमट हवेत उपयोगी पडतील. गडद निळे आणि काळे कपडे चावणाऱ्या त्से-त्से माश्यांना आकर्षित करतात, म्हणून सफारीत खाकी किंवा फिकट रंग बरे. लष्करी छापाचे कपडे आणि ड्रोन मात्र घरीच ठेवावेत.

मारातील प्रवेशशुल्क विचारून घ्या; 2024 पासून जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढाला दिवसाला 200 डॉलर पडतात आणि सहल आयोजकाने सांगितलेल्या रकमेत ते धरलेले असतेच असे नाही. आम्ही हे न विचारल्यामुळे प्रवेशद्वारावर उभे राहून घरी फोन करण्याची वेळ आली होती. नैरोबीहून नारोकमार्गे गाडीने पाच-सहा तास लागतात आणि शेवटचा रस्ता खडबडीत आहे. नैरोबीतल्याच विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जायचे असल्यास मऊ बॅग आणि साधारण 15 किलोच सामान चालते. मसाई लोकांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. आपली गोल पिनांची खुंटी तेथे बसत नाही.

मांजराकाठ, लातूर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईने कॅरीबॅगा सोडायला घेतल्या आहेत. आणखी एक शंका आहे. भावाच्या ओळखीच्या चालकाने 'सा तातू'ला गाडी आणतो असे कळवले आहे. 'तातू' म्हणजे तीन, एवढे मी शोधले; परंतु दुपारी तीनला निघून रात्री जंगलात पोहोचणे योग्य आहे का?

निवृत्त रेल्वेवाला, नांदेड

ताई, तो सकाळी नऊला येणार आहे. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, ते वेगळे. पण स्वाहिलीत तास दिवस उगवल्यापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे पहिला तास आणि नऊ म्हणजे तिसरा. घड्याळात दिसणाऱ्या आकड्यात सहाचा फरक धरावा. याच शब्दावर मीही फसलो होतो. चालक दारात हॉर्न वाजवत होता आणि मी डोक्यावरून पाणी घेत होतो. सूर्योदयापासून घटका मोजणारी आपली जुनी पद्धत आईंना ठाऊक असेल, तर त्यांना हे समजावून सांगावेच लागणार नाही. तरीही चालकाकडून वेळ इंग्रजीत एकदा वदवून घ्यावी.

मांजराकाठ, लातूर

वदवून घेतली, सकाळचे नऊच. बाबांच्या डॉक्टरांची भेट सोमवारी ठरली आहे आणि त्यांनी होकार दिल्यास त्याच आठवड्यात तिघांच्या लशीसाठी मुंबईची वेळ घेत आहे.