तीव्र कुपोषित बालकांवरील उपचारांची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे: अन्नाचा निकष कोणी आणि कसा ठरवायचा?

बोरीबाभळी (धागाकर्ता)

रुग्णालयात दाखल होणाऱ्या तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, बालकांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि पोषण पुनर्वसन केंद्रांची घडी त्यांनुसार बसली. ज्या बालकांना ताप, जुलाब, सूज अशी गुंतागुंत नाही आणि ज्यांची भूक शाबूत आहे, त्यांचे गावातच काय करायचे, हे मात्र पुढची बारा वर्षे बहुतांशी राज्यांवर सोडलेले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्रालय आणि आरोग्य मंत्रालय यांनी मिळून अंगणवाडी पातळीसाठी दहा टप्प्यांची कार्यपद्धती जाहीर केली. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यामुळे २०११ चा दस्तऐवज, २०२३ ची कार्यपद्धती आणि नवे पुरावे यांचे मिळून एकच राष्ट्रीय मार्गदर्शन करण्याची हीच वेळ आहे, असे माझे मत आहे.

त्यात पहिला बदल अन्नाचा हवा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या परिशिष्टात कुपोषित बालकासाठी दिवसाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने असा पूरक आहाराचा निकष आहे, मग बालक सहा किलोचे असो की अकरा किलोचे. जागतिक आरोग्य संघटना उपचाराच्या काळात वजनाच्या दर किलोमागे १५० ते १८५ किलोकॅलरी सांगते. म्हणजे सात किलोच्या बालकाला साधारण १०५० ते १३००. साध्या खिचडीत ग्रॅममागे एक-सव्वा किलोकॅलरी असते हे लक्षात घेतले, तर त्या बालकाने दिवसाला जवळजवळ किलोभर खिचडी खायला हवी, जे अशक्य आहे. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये यांच्या उपचारात्मक आहाराचे ९२ ग्रॅमचे एक पाकीट ५०० किलोकॅलरी देते. घनतेतला हा फरक भावनेने भरून निघत नाही. मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकाचे नाव घेऊ नये, पण अन्नाची घनता, दुधातून येणाऱ्या प्रथिनांचा वाटा, जस्त-पोटॅशियमसारखी द्रव्ये आणि वजनानुसार मात्रा मात्र स्पष्ट लिहावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील १९.३ टक्के बालके लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि ७.७ टक्के अतितीव्र लुकडी आढळली. महाराष्ट्रात हेच आकडे २५.६ आणि १०.९ आहेत. ‘राज्ये पाहून घेतील’ या धोरणाचे फळ ते हेच.

चुलवण

धागाकर्त्यांचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. पाकिटबंद उपचारात्मक आहाराचा आपल्याकडचा इतिहास त्यांनी वगळला, म्हणून तो सांगतो. २००९ मध्ये युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशासाठी तो आयात केला, तेव्हा केंद्र सरकारने त्याला हरकत घेऊन वापर थांबवायला लावला. २०१७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने राज्यांना कळवले की अन्य उपायांच्या तुलनेत त्याच्या उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही. त्याच सुमारास महाराष्ट्र सरकार ग्राम बाल विकास केंद्रांतून असाच आहार देऊ पाहत होते आणि त्यावरून वाद पेटला.

आता पुरावा पाहू. दिल्ली, राजस्थान आणि तामिळनाडूत झालेली तुलनात्मक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सोळा आठवड्यांत बरे होण्याचे प्रमाण स्थानिक बनावटीच्या उपचारात्मक आहारावर ५६.९ टक्के, बाजारातल्या तयार आहारावर ४७.५ टक्के आणि घरी शिजवलेल्या सुधारित आहारावर ४२.८ टक्के होते. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. शिवाय उपचार थांबल्यानंतर ही कमाई टिकली नाही. पुढच्या काही महिन्यांत बहुतेक बालके पुन्हा घसरली. चार महिने पाकिटे आणि मग पुन्हा तीच पातळ डाळ, असा उपचार मार्गदर्शक तत्त्वांच्या केंद्रस्थानी ठेवायचा का?

घनताच हवी असेल तर शेंगदाणा-गुळाचा लाडू ग्रॅममागे पाच किलोकॅलरीच्या आसपास जातो. त्याला निविदा लागत नाही. टीएचआरच्या, म्हणजे घरी नेण्यासाठी दिल्या जाणाऱ्या पूरक आहाराच्या, ठेक्यांवरून महाराष्ट्रात किती खटले झाले, ते इथल्या वाचकांना ठाऊक आहे. एकदा का ‘उपचारात्मक आहार’ हा शब्द राष्ट्रीय दस्तऐवजात शिरला, की आज बचतगटाकडे असलेले काम उद्या मोठ्या पुरवठादाराकडे जाणार.

बोरीबाभळी

चाचणीतला जो आकडा आपण शेवटी ठेवायला हवा होता तो पहिला ठेवलात आणि मग त्याच्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. स्थानिक बनावटीचा आहार घरच्या सुधारित आहारापेक्षा सरस ठरला, आणि तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकतो. माझी मागणी नेमकी तिथेच आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या पोषण केंद्रात याच घटकांचा आहार बनवून तो धारावीसारख्या वस्त्यांतील बालकांना दिला गेला आहे. सार्वजनिक रुग्णालयात असे अन्न बनू शकते हे दिसलेले असताना, ठेकेदाराच्या भीतीने निकषच न लिहिणे म्हणजे चोराच्या भयाने घराला दार न लावण्यासारखे आहे. निकष लिहिलेला नसतो तेव्हाच पुरवठादार वाटेल ते पुडक्यात घालतो.

लाडवाबद्दल. शेंगदाण्यात आणि गुळात ऊर्जा आहे, पण महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या शरीरातील पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त यांची तूट त्यातून भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय निकष निम्मी प्रथिने दुधातून मागतो, तो उगीच नाही. आणि शेंगदाणा दमट जागी साठवला की त्यात अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा, धोका असतो. गावातल्या लाडवाची ती तपासणी कोण करणार?

दंडपट्टी (अंगणवाडी पर्यवेक्षिका, आदिवासी प्रकल्प)

अन्नाच्या वादात आपण सगळे मोजमापाला बगल देत आहात. दोन वर्षांखालील बालकाची लांबी आडवे झोपवून मोजायची असते. एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे सरळ करून पावले सरकत्या फळीला लावायची. बालक रडत असते, पाय आखडून घेत असते, आणि मदतनीस त्याच वेळी चुलीपाशी असते. सेविका एकटीच मोजते. लांबीत एक सेंटिमीटरची चूक झाली तर त्या लांबीसाठीची वजनाची सीमारेषा दीड-दोनशे ग्रॅमने सरकते, म्हणजे तेच बालक या महिन्यात सॅम आणि पुढच्या महिन्यात मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये जे भरले जाते त्यावर वर आलेख निघतात. खाली आम्हाला माहीत असते की कोणता आकडा कसा आला आहे.

दंडघेराच्या पट्टीला एकच माणूस पुरतो. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा. आईलाही शिकवता येते. नव्या मार्गदर्शक तत्त्वांत उंची-वजनाबरोबर दंडघेरही दर महिन्याला सक्तीचा करावा. दोन्ही मोजमापे वेगवेगळी बालके पकडतात, म्हणून एकावर भिस्त ठेवली की उरलेली बालके यादीच्या बाहेर राहतात. पाकीट की लाडू हा प्रश्न यादीतल्या बालकापुरताच आहे.

आणि एक सांगते. पाकीट दिले तरी ते घरात तीन भावंडांत वाटले जाते. त्याबद्दल आईला बोल लावणारे अधिकारी मी पाहिले आहेत. घरातल्या उरलेल्या दोघांसाठी काही न देता एकालाच दिले, तर दुसरे काय होणार?

अर्धशिशी

माझी हरकत मुळाशीच आहे. आपण ज्यांना अतितीव्र लुकडी म्हणतो ती सगळीच बालके आजारी आहेत का? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण भागातील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या नवजात बालकांशी केली. आपली बालके सरासरी २.७ किलोच्या आसपास, तिकडची ३.५ किलोच्या आसपास. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. अशा शरीराला शेंगदाणा-तेल-साखरेचे घट्ट अन्न देऊन भराभर वजन वाढवले, तर आपण उद्याच्या मधुमेहाची पेरणी करत आहोत, ही शंका पोषणतज्ज्ञांनी अनेकदा मांडली आहे. झारखंड आणि ओडिशात गावपातळीवर केलेल्या पाहणीत तीव्र लुकड्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण आफ्रिकेतील जुन्या अभ्यासांच्या मानाने बरेच कमी आढळले होते. मलावी-नायजरचे उपचार इथे जसेच्या तसे आणू नयेत.

प्रतिजैविकाचेच उदाहरण घ्या. गुंतागुंत नसलेल्या सॅम बालकांना सरसकट अमॉक्सिसिलिन द्यावे का, यावर मलावीतील चाचणीने (२०१३) हो म्हटले आणि नायजरमधील चाचणीत (२०१६) बरे होण्यात ठोस फरक दिसला नाही. दोन आफ्रिकी देशांचेच एकमत नसेल, तर आपण आपल्या चाचण्या आधी कराव्यात.

बोरीबाभळी

मधुमेहाची शंका गंभीर आहे, परंतु ती जन्मतः लहान आणि नंतर लठ्ठ होणाऱ्यांबद्दल आहे. ज्या बालकाचे वजन त्याच्या उंचीच्या मानाने सरासरीपेक्षा तीन प्रमाण विचलनांहून खाली आहे, म्हणजे जे सॅम आहे, त्याला आज न्यूमोनिया झाला तर काय होते, हे बालविभागात काम केलेल्या कोणालाही विचारा. मृत्यूचे प्रमाण आफ्रिकेपेक्षा कमी असणे आणि धडधाकट बालकांइतके असणे यांत पुष्कळ अंतर आहे. आपल्या चाचण्या व्हाव्यात हे मान्य. पण १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला बालके कुपोषणाने दगावली, तेव्हापासून ‘आणखी अभ्यास हवा’ हे वाक्य आपण ऐकत आहोत.

पाळणाघर (परिचारिका, पोषण पुनर्वसन केंद्र)

अन्नाइतकाच सुट्टीचा निकष बदलणे निकडीचे आहे, आणि त्याबद्दल इथे अजून कोणी लिहिलेले नाही. २०११ च्या दस्तऐवजात दाखल होतानाच्या वजनात १५ टक्के वाढ झाली की बालकाला सोडता येते. ५.६ किलोचे बालक ६.४ किलोचे झाले की कागदावर काम संपले. मात्र जे बालक मुळातच खूप खाली आहे, ते १५ टक्के वाढूनही सॅमच राहते, म्हणजे ज्याला जास्त दिवस हवेत त्यालाच आपण अर्धवट सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच टक्केवारीचा निकष बाजूला ठेवला आणि उंचीच्या मानाने वजन उणे दोन प्रमाण विचलनांपर्यंत यावे किंवा दंडघेर १२.५ सेंटिमीटर व्हावा आणि किमान दोन आठवडे सूज नसावी, असे सांगितले.

हे केंद्रातच पूर्ण करायचे म्हटले तर ते अशक्य आहे, हेही मी सांगते. चौदा दिवस म्हणताना आईच्या चेहऱ्यावर दिसते: घरी दुसरी दोन मुले, शेतातली लावणी, नवरा एकटा. बुडीत मजुरी मिळते, पण ती हातात पडेपर्यंत ती बाई घरी जाऊन महिना झालेला असतो. एफ-७५ या सुरुवातीच्या उपचारात्मक दुधावरून एफ-१०० या जास्त ऊर्जेच्या दुधावर आणून, भूक परत आली आणि सूज उतरली की बालक गावाकडेच जायला हवे, आणि तिथे अंगणवाडीने उरलेला उपचार नव्या निकषापर्यंत चालवायला हवा. म्हणून २०११ आणि २०२३ चे दस्तऐवज एक करण्याच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. आज आम्ही ज्या बालकाला सोडतो, त्याला तिकडे कोणत्या टप्प्यावर घ्यायचे, यावर दोन खात्यांची दोन उत्तरे मिळतात.

चुलवण

सुट्टीच्या निकषाशी मी सहमत आहे. पण तो लावला की उपचाराचे दिवस वाढतील, आणि वाढलेले दिवस म्हणजे वाढलेला पुरवठा. म्हणून माझी अट अशी, की निकष लिहिताना त्याच परिच्छेदात ‘उत्पादन जिल्हा पातळीवर, सार्वजनिक संस्था किंवा महिला बचतगट यांच्याकडूनच’ हेही लिहावे आणि तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावी. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आहार बालकांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातला. धागाकर्त्यांना तो विजय वाटत असेल. मला त्यात अन्नाचे औषध होताना आणि औषधाच्या मागोमाग कंपनी येताना दिसते.

बोरीबाभळी

उत्पादन सार्वजनिक असावे, हे मान्य. ‘बचतगटाकडूनच’ हे मान्य नाही, कारण अफ्लाटॉक्सिन आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांचे नेमके मिश्रण ही घरगुती कामे नाहीत. सरकारी दूध संघांकडे यंत्रे आहेत, प्रयोगशाळा आहेत. तिथून सुरुवात करता येईल.

दंडपट्टी

दूध संघ बनवो की बचतगट, माझ्या प्रकल्पातला प्रश्न दिवाळीनंतर सुरू होतो. जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे वीटभट्ट्यांवर भिवंडी-वसईकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बालक उपचाराच्या पाचव्या आठवड्यात असते आणि कुटुंब निघून जाते; माझ्या यादीत ते ‘स्थलांतरित’ होते, भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या यादीत ते येतच नाही. बिहारमध्ये दरभंग्याला एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेने आठ हजारांहून अधिक बालकांवर गावपातळीवर उपचार केले, तिथेही उपचार पूर्ण केलेल्यांपैकी बहुतेक बरी झाली, पण मध्येच सोडणाऱ्यांची संख्या मोठी होती. तेव्हा नव्या मार्गदर्शक तत्त्वांत एवढे तरी असावे: आईच्या हातात उपचाराचे कार्ड, त्यावर शेवटचे वजन, दंडघेर आणि चालू मात्रा, आणि ते कार्ड दाखवल्यावर राज्यातल्या कोणत्याही अंगणवाडीने, नाव नोंदलेले नसले तरी, त्याच दिवसापासून आहार देण्याचे बंधन.