प्रति: प्राणायाम सुरू केला, आता गोळ्या कशाला?

वर एकांनी लिहिलंय, प्राणायामानं ताण गेला म्हणून वडिलांच्या हृदयाच्या गोळ्या बंद केल्या. कळकळीनं सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं करू नका. ताणात ॲड्रेनालिन हे संप्रेरक वाढतं, बीपी चढतो, प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी एकमेकींना चिकटू लागतात. हृदयाच्या अरुंद धमनीतला चरबीचा थर फुटला की तिथंच रक्ताची गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो. ॲस्पिरिन प्लेटलेट्सना आवरते. बीटा-ब्लॉकर ही दुसरी गोळी; तो हृदयावरचा ॲड्रेनालिनचा मारा कमी करतो, आणि तो एकाएकी थांबवला तर झटक्याचा धोका उलट वाढतो.

आमच्या निपाणी भागात पहाटे चहाच्याही आधी तंबाखूची चिमूट दाढेत जाते. निकोटिननंही ॲड्रेनालिनच सुटतं, आणि सकाळची वेळ तशीही झटक्याची. प्राणायाम चालू द्या, पण वडील तंबाखू खात असतील तर ती चिमूट आधी सोडवा. छातीत दाबल्यासारखं झालं तर गॅस समजून सोडा पाजत बसू नका, लगेच १०८ लावा.