शब्दचर्चा : 'शालिआख'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : खबाद-लुबाविच या ज्यू पंथाचे रेब्बे, म्हणजे प्रमुख गुरू, मेनाखेम मेंडेल श्नियरसन (१९०२-१९९४) यांच्यावर मराठीत लेख लिहिते आहे. त्यांनी देशोदेशी पाठवलेल्या जोडप्यांना 'शालिआख', अनेकवचनी 'श्लुखिम' म्हणतात. 'धर्मप्रचारक' हा शब्द खटकतो. दुसरा सुचवाल का?

उत्तर : धर्मप्रचारक नकोच. तो शब्द ऐकला की धर्मांतर आठवतं. खबादची माणसं परधर्मीयांना ज्यू करायला जात नाहीत, ज्यूंकडेच जातात. शालिआख म्हणजे पाठवलेला. ज्यू धर्मशास्त्रात त्यानं केलेलं काम पाठवणाऱ्यानंच केल्यासारखं धरतात. घटस्फोटाचा लेखसुद्धा नवरा शालिआखाच्या हातून बायकोला पोचवू शकतो. आपला 'मुखत्यार' यात चपखल बसतो.

उत्तर : मुखत्यार अर्थानं बरोबर, पण त्याला कोर्टकचेरीचा वास येतो. मी 'पाईक' म्हणेन. रेब्बे १९५१ साली ब्रुकलिनमध्ये गादीवर आले, आणि त्यांच्या कामाची भाषा बघा, सगळी फौजेची आहे. उपक्रमाला 'मिव्त्झा', म्हणजे मोहीम. मुलांच्या संघटनेचं नाव 'देवाच्या सेना'. १९७४ पासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या त्यांच्या गाड्या 'मित्झ्वा टँक' (मित्झ्वा म्हणजे धर्मानं सांगितलेलं कर्म). तेफिलिनची (प्रार्थनेच्या वेळी अंगावर बांधायच्या, धर्मवचनं ठेवलेल्या डब्यांची) मोहीम १९६७ची, इस्राएल-अरब सहा दिवसांच्या युद्धाच्या तोंडावर सुरू झालेली. आजही तिची रीत तीच आहे : रस्त्यात माणसाला थांबवून विचारायचं, "तुम्ही ज्यू का?" हो म्हणाला की दंडाला आणि कपाळाला तेफिलिनच्या काळ्या डब्या बांधायच्या, चामड्याचा पट्टा हाताभोवती गुंडाळायचा, 'शेमा' हा प्रार्थनेचा पाठ म्हणवून घ्यायचा. दोन-चार मिनिटांत माणूस मोकळा. आजचं एक कर्म घडलं, तेवढंही मोलाचं, ही रेब्बेंची शिकवण. तुकोबांच्या पाइकीच्या अभंगांतला पाईक असाच, धन्याच्या कामासाठी जिवावर उदार.

प्रश्न : आणि 'आउटरीच'? 'किरूव' तसाच ठेवू का?

उत्तर : इतर ज्यू संस्थांबद्दल लिहिताना ठेवा, रेब्बेंबद्दल नको. किरूव म्हणजे जवळ आणणं, आणि पूर्ण शब्दप्रयोग 'दूरच्यांना जवळ आणणं' असा आहे. रेब्बेंना तो रुचत नसे. अमका दूर आहे हे ठरवणारे आपण कोण, असा त्यांचा आक्षेप. माझ्या मते त्यांच्या कामाचा गाभा इथेच आहे, म्हणून 'दुरावलेल्यांना परत आणणे' असलं काही लिहू नका. साधं 'संपर्ककार्य' पुरे.

उत्तर : मुंबईचा उल्लेख येणार असेल तर एक सांगते. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे परंपरेनं रब्बी नव्हते, प्रार्थना चालवायला हझान असे. सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराला, ते मशीद म्हणत आणि मसजिद बंदर हे नावही त्यातूनच आलं असं सांगतात. कुलाब्याच्या नरिमन हाऊस या खबादच्या केंद्रातले गॅव्रिएल होल्ट्झबर्ग बाहेरून आलेले रब्बी. प्रवासी, व्यापारी, कोणीही ज्यू आला की त्याला तिथे कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसारचं, जेवण आणि शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिवसाचं, पान. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात ते आणि पत्नी रिव्का दोघेही मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी बाहेर काढलं. 'ज्यू धर्मगुरू आणि त्यांची पत्नी' असं लिहिलं की रिव्काचं काम झाकलं जातं. खबादमध्ये नेमणूक जोडप्याची होते, बहुधा जन्मभरासाठी, आणि खर्चाचा पैसाही बहुतेक त्यांनीच उभा करायचा. जो शब्द निवडाल तो दोघांना लागू पडायला हवा.

प्रश्न : ती नेमणूक आता कोण करतं? रेब्बेंना मूलबाळ नव्हतं, १९९४ नंतर गादीवर कोणी आलं नाही.

उत्तर : खबादची संस्था आणि त्या त्या देशातले वरिष्ठ श्लुखिम. तरीही नवं जोडपं स्वतःला रेब्बेंचंच शालिआख म्हणवतं, मग त्यांचा जन्म रेब्बे गेल्यानंतरचा का असेना. आज शंभरावर देशांत अशी हजारो जोडपी आहेत. म्हणून लेखात 'खबादचे प्रतिनिधी' नको. पहिल्यांदा 'शालिआख' लिहा, पुढे 'रेब्बेंचे पाईक'.