शुक्राणूंचा काउंट शून्य आलाय, जेनेटिक टेस्ट करावीच का?

सिडकोवाली: मिस्टरांचा रिपोर्ट दोन्ही वेळा शून्य आला, डॉक्टर कॅरिओटाइप (क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय मायक्रोडिलिशन (पुरुषांच्या वाय क्रोमोसोमचा बारीक तुकडा गळालाय का ते बघणारी टेस्ट) करा म्हणतायत, सासूबाई मात्र त्र्यंबकला पूजा करा म्हणून मागे लागल्यात आणि बोल मलाच लावतायत. खरंच जीन्सचं असतं का हे? नाशिकमध्ये कुणी केलीय का टेस्ट?

गंगापूररोड: ताई, तुमचा यात काडीचाही दोष नाही. टेस्ट कराच. वाय क्रोमोसोमवर एझेडएफ नावाचा भाग असतो, त्याचे ए, बी, सी असे तुकडे. सी गळालेला असेल तर छोटं ऑपरेशन करून वृषणातून शुक्राणू मिळण्याची बऱ्यापैकी आशा असते, पण ए किंवा बी अख्खा गेला असेल तर जवळजवळ नाहीच, मग उगाच चिरफाड कशाला? सीवाल्यांना मुलगा झाला तर तोच वाय त्याच्याकडे जातो, हे आधीच विचारून घ्या.

पंचवटीकर: कॅरिओटाइपमध्ये कधी ४७ एक्सएक्सवाय, म्हणजे पुरुषात एक जादा एक्स क्रोमोसोम, निघतं, कित्येकांना ते लग्नानंतरच कळतं. एफएसएच (शुक्राणू तयार करायला लावणारं हार्मोन) किती आलंय?

सिडकोवाली: २४.

पंचवटीकर: हे जास्त आहे, म्हणजे शुक्राणू बाहेर आणणारी नळी बंद असण्यापेक्षा शुक्राणू तयार होण्यातच अडचण दिसते. सँपल इथल्या लॅबमध्येही घेतात. मिस्टरांना एकटं पाठवू नका, सोबत जा.