मदत हवी आहे: सुती कापडावर आयोडीन टाकल्यावर निळा रंग का आला?

नमस्कार. माझी भाची यंदा दहावीत आहे. 'कार्बनी संयुगे' हा धडा शिकवताना मी घरी एक सोपा प्रयोग करून दाखवायचे ठरवले आणि स्वतःच अडचणीत सापडले. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे पुढच्या वर्णनात काही चुकले असल्यास जाणकारांनी कृपया दुरुस्त करावे.

बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) भागात भातातले पिष्ट (स्टार्च) आणि कापसातले सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ ग्लुकोजचेच बनलेले असतात असे वाचल्यावर तिने विचारले, "मग मावशी, भात पचतो तसा कापूस का पचत नाही?" मला उत्तर देता आले नाही. निदान दोन पदार्थ वेगळे आहेत एवढे तरी तिला डोळ्यांनी दिसावे, म्हणून मी टिंक्चर आयोडीनमध्ये पाणी घालून ते फिके केले आणि त्याचे थेंब चार गोष्टींवर टाकले: भाताची निवलेली पेज, बटाट्याची कच्ची चकती, औषधाच्या दुकानातला कापूस आणि नुकताच आणलेला, पाण्यात न घातलेला मांजरपाटाचा तुकडा. पेज आणि बटाटा काळेनिळे झाले, कापूस नुसता पिवळसर राहिला. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे झाले. मांजरपाटावर मात्र बटाट्याइतकाच गडद निळा डाग पडला. दुकानदाराने कापड शंभर टक्के सुती असल्याचे सांगितले होते. कापड आणि कापूस एकाच वस्तूचे असतील, तर रंग दोन का यावेत?

आणखी एक गोष्ट लक्षात आली. निळी झालेली पेज भाचीने गरम केली, तेव्हा रंग जवळजवळ नाहीसा झाला आणि थंड झाल्यावर परत आला. याचे कारणही कळल्यास बरे होईल. मूळ प्रश्न अर्थातच तिचा आहे: घटक तेच, मग गुण इतके वेगळे कसे?

प्रतिसाद

कापडात खोट नाही आणि तुमच्या आयोडीनमध्येही नाही. मी इचलकरंजीत बरीच वर्षे कापड-प्रक्रियेच्या कामात होतो. मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुतावर सतत घर्षण होते आणि ते तुटू नये म्हणून विणण्यापूर्वी त्याला खळ लावतात. त्यालाच आमच्याकडे सायझिंग म्हणतात. खळीत बहुधा पिष्ट असते. मांजरपाट हे कोरे कापड असल्याने ती खळ त्यात तशीच राहते. आयोडीनने दाखवला तो कापूस नव्हे, त्याच्यावरचा लेप. औषधाच्या दुकानातला कापूस मागावर चढलेलाच नसतो, शिवाय तो स्वच्छ करून घेतलेला असतो.

पडताळा घ्यायचा असल्यास याच मांजरपाटाच्या एका कोपऱ्यावर थोडी लाळ लावून तो कोमट व ओलसर अवस्थेत अर्धा तास ठेवा, पाण्याने खळबळून घ्या आणि मग आयोडीन टाका. लाळेतले अमायलेज हे विकर (एन्झाइम) पिष्ट तोडते. कारखान्यातही खळ काढण्यासाठी अमायलेजच वापरतात, फक्त ते जिवाणूंपासून मिळवलेले असते. हल्ली काही खळींमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असते आणि त्याचाही आयोडीनशी गडद रंग येऊ शकतो, पण ते लाळेला दाद देत नाही. म्हणून नुसत्या धुण्यापेक्षा लाळेची कसोटी अधिक खात्रीची.

प्रतिसाद

खळीचा उलगडा वर झालाच आहे, मी भाचीच्या प्रश्नाकडे वळतो. तिला सांगा की नेमक्या याच कोड्यापाशी फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायेन हेही पोचले होते. वनस्पतींच्या पेशीभित्तिकांमधून त्यांनी १८३८ मध्ये सेल्युलोज वेगळे केले, तेव्हा त्यातील कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पिष्टासारखेच निघाले.

फरक जोडणीत आहे. कार्बनचे चार बंध अवकाशात चार वेगळ्या दिशांना असतात, त्यामुळे कोणता गट कड्याच्या कोणत्या अंगाला जोडला आहे, याला महत्त्व येते. दोन्ही पदार्थांत एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनला ऑक्सिजनमार्फत जोडलेला असतो. पिष्टात हा बंध अल्फा प्रकारचा असतो. त्यामुळे साखळी वळत जाऊन स्प्रिंगसारखी होते आणि तिच्या एका वेढ्यात साधारण ६ ग्लुकोज बसतात. या स्प्रिंगच्या पोकळीत आयोडीनचे अणू ओळीने शिरतात, तेव्हा निळा रंग दिसतो. पेज तापवल्यावर वेढे सैल होऊन आयोडीन निसटते, निवल्यावर पुन्हा आत जाते. सेल्युलोजमध्ये बंध बीटा प्रकारचा असतो, म्हणजे प्रत्येक पुढचे ग्लुकोज आधीच्याच्या तुलनेत उलटे फिरलेले असते. अशी साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट बिलगते आणि आयोडीनला शिरायला तशी पोकळी उरत नाही. धाग्याला बळकटी येते तीही याच बिलगण्यामुळे.

आता पचनाविषयी. आपले अमायलेज अल्फा बंध तोडते, बीटा बंधावर त्याचे काही चालत नाही. कापसापेक्षा ज्वारीचे उदाहरण तिला अधिक पटेल असे मला वाटते. एकाच ताटाच्या कणसातले पिष्ट भाकरी होऊन आपल्या पोटात जाते आणि उरलेल्या कडब्यातले सेल्युलोज बैल खातो. बैलाचे स्वतःचे विकरही ते पचवू शकत नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव ते काम करतात. आपल्याकडे ते बहुतांशी चोथा म्हणून बाहेर पडते, तरी आतड्यांच्या हालचालीला त्याचा उपयोग होतोच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल लाळेचा प्रयोग केला. लाळ लावलेला कोपरा कापसासारखा पिवळसर राहिला आणि बाकीचा तुकडा निळा झाला. भाचीने आपण होऊन तिसरा तुकडा थंड पाण्यात दोनदा धुऊन पाहिला, त्यावर मात्र फिकट निळी झाक आलीच. थंड पाण्याने खळ पूर्ण जात नाही, असा याचा अर्थ घ्यावा का?

प्रतिसाद

होय. सुकलेल्या खळीतले पिष्ट थंड पाण्यात नीट विरघळत नाही. तो तुकडा पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळा, पाणी एकदा बदला आणि कापड पूर्ण निवल्यावरच आयोडीन टाका. गरम असताना टाकल्यास तुमच्या पेजेसारखाच रंग दिसणार नाही आणि खळ गेली असा चुकीचा निष्कर्ष निघेल. उकळलेले पाणीही फेकू नका, निवल्यावर त्यात दोन थेंब आयोडीन टाकून पाहा.